रिकामी झोळी हलवू नये

परवा सकाळी मी हॉलच्या छताला तीस किलो गहू टांगले. आमची ही खाली कमरेवर हात ठेवून उभी होती. "लोकं झोळीत लेकरू टाकतेत, तुम्ही गहू टाकून राहिले," म्हणाली. मी म्हटलं, लेकराच्या आधी गहूच टाकायचा असतो.

छत या वस्तूवर माझा सहजासहजी विश्वास बसत नाही. नागपूरजवळच्या सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे खाली माणसांवर आणि कामावर देखरेख करणारा, म्हणून मी नोकरी केली. खाली उतरलं की पहिलं काम, काठीने छत ठोकून पाहायचं. टणक आवाज आला तर पुढे व्हायचं, पोकळ आला तर माणसं मागे घ्यायची. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी लग्नाच्या हॉलमध्ये गेलो की मी पहिले वर पाहतो आणि मग जेवणाकडे. त्यामुळे मिस्त्री स्लॅबमध्ये नवा हुक ठोकून "काका, आता हत्ती टांगा" म्हणाला तेव्हा मी त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर गहू टांगले. जुना हुक लेकीच्या वेळचा आहे. नवा यासाठी, की लेकीला जुळं होणार आहे.

पोतं चोवीस तास लटकलं. हुक तसूभर सरकला नाही. पण उभं वजन वेगळं आणि झुलतं वजन वेगळं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पोत्याला हलकासा झोका दिला. लगेच स्वयंपाकघरातून आवाज आला, "रिकामी झोळी हलवू नका म्हटलं ना!"

"रिकामी कुठं आहे? गहू आहेत त्यात."

यावर ती काही बोलली नाही. टेकडीच्या गणपतीच्या फोटोकडे पाहून तिने हात मात्र जोडले. गव्हासाठी की माझ्यासाठी, विचारायची हिंमत झाली नाही.

गंमत म्हणजे या झोळ्यांत बाळं फारशी झोपणारच नाहीत. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय की कमी वजनाच्या बाळाला झोळीत झोपू द्यायचं नाही, मान पुढे झुकून छातीवर येते आणि श्वास अडतो. झोपवायचं ते सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर. म्हणजे हे सगळं हुक-पुराण आजीच्या समाधानासाठी. तरी मी ते नीटच केलं. उद्या कोणी झोळीत बाळ टाकलंच, तर छताने दगा द्यायला नको.

लेक पुण्यात नोकरी करते. बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली तेव्हा जावईबापूंचा फोन आला, "बाबा, दोन आहेत." मी विचारलं, "काय दोन?" तिकडे थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग लेकीने फोन घेतला आणि ती हसतेय की रडतेय हे मला आजतागायत समजलेलं नाही.

जुळं म्हटलं की आपल्याला लव-कुश आठवतात, नकुल-सहदेव आठवतात. त्यांची वार, म्हणजे प्लॅसेंटा, एक होती की दोन, हे कोणी विचारत नाही. डॉक्टर पहिले तेच विचारतात. प्रत्येक बाळाची वार वेगळी असेल तर गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. आमच्या लेकीला वार एकच आहे, पाण्याच्या पिशव्या दोन. वार एक असली की तिच्यातल्या रक्तवाहिन्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि कधी कधी एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहायला लागतं. एकाला कमी पडतं, दुसऱ्याला झेपत नाही. आमच्या गल्लीत एकाच लाइनवर दोन घरं असली की ज्याच्याकडे मोटर आहे त्याची टाकी भरते, तसंच. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून तिची दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी चालू आहे. वेगळ्या वारेवाल्यांना साधारण महिन्यातून एकदा पुरते. वार एक की दोन, हे पहिल्या तीन महिन्यांतच नीट दिसतं, नंतर ओळखणं अवघड होत जातं. ज्यांच्या घरी अशी बातमी येईल त्यांनी पहिल्या रिपोर्टमध्ये ही एक ओळ आवर्जून शोधावी. आम्हाला ती शोधायची असते हे माहीत नव्हतं, नशिबाने तिथल्या डॉक्टरांनीच लाल पेनाने गोल करून दिली.

सोनोग्राफीला गेलं की प्रत्येक वेळी तोच फॉर्म भरायचा, सही करायची. १९९४ च्या कायद्याचा बोर्ड समोर असतोच, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही. तरी कॉलनीतल्या यच्चयावत बायका लेकीला एकच आशीर्वाद देतात, "एक मुलगा, एक मुलगी होऊ दे बाप्पा, काम फत्ते!" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. अहो, एका वारेची जुळी म्हणजे एकाच बीजाची दोन झालेली. दोन्ही मुली, नाहीतर दोन्ही मुलगे. शेजारच्या काकू सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हाव ना भाऊ, पण देवाच्या मनात असलं तर?" आता मी नुसती मान हलवतो.

जुळं कशामुळे झालं, यावरही दोन पक्ष आहेत. विहीणबाई म्हणतात, आमच्याकडे चुलत आत्याला जुळी होती, घराण्यातच आहे. आमच्या हिचं म्हणणं, लेकीने दिवाळीत जोडकेळं खाल्लं, मी स्वतः पाहिलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. एकसारखी जुळी घराण्यातून येत नाहीत, ती अशीच होतात. केळ्याचं विचारायला मला लाज वाटली.

सव्विसाव्या आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन लेक विमानाने नागपूरला आली. मे महिन्यात नागपूरला बाळंतपण करायला कोण येतं, असं तिच्या ऑफिसात सगळे म्हणाले म्हणे. विहीणबाईही वर्ध्याहून तेच म्हणाल्या, त्या स्वतः वर्ध्याच्या उन्हात बसून. पण पुण्यात नवरा-बायको मिळून चार हात, इथे मोजले तर बारा. लेकीने हिशोब केला आणि आली. सुट्टीचाही हिशोब तिने असाच केला. २०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातली आठ बाळंतपणाच्या आधी घेता येते. जुळं झालं तरी सव्वीसच, त्याचे काही बावन्न होत नाहीत. म्हणून ती अजून माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, पाय पाटावर टाकून काम करते आहे. आज बत्तिसावा आठवडा चालू आहे. जितकी रजा वाचेल तितकी पुढे.

एका वारेची जुळी छत्तीस आठवडे भरले की फार वाट पाहत नाहीत, बाहेर काढतात. आणि जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त सदतीस आठवड्यांच्या आतच येतात. आमचे छत्तीस आठवडे मृग नक्षत्राच्या आगेमागे भरतात, म्हणजे नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, पोटातच काढायचा. त्या आधी कळा सुरू झाल्या तर बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शनं देतात, त्यासाठी वेळेत पोचणं महत्त्वाचं. ब्लडप्रेशर मी रोज सकाळ-संध्याकाळ मोजतो. डोकं सारखं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली दुखणं, हातापायांच्या तळव्यांना खाज, यातलं काहीही झालं तर रात्र असो की दिवस, निघायचं. हा कागद फ्रिजवर लावला आहे. त्यावर आमच्या हिने हळदी-कुंकवाचं बोट लावलं.

घर झिंगाबाई टाकळीला आणि दवाखाना धंतोलीत. मी स्कूटरवर तीन फेऱ्या मारून पाहिल्या. मानकापूर, सदरचा उड्डाणपूल, झिरो माइल, सीताबर्डी, धंतोली. रात्री दीड वाजता अठरा मिनिटं, सकाळी साडेदहाला एक्केचाळीस. सीताबर्डीत अडकलो तर काय, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

घरातलं खरं भांडण झालं ते तयारीवरून. बाळ व्हायच्या आधी बाळाचं काही आणू नये, असं हिचं ठाम मत. नवं कापड नाही, पाळणा नाही, दुकानाच्या पायरीवरसुद्धा चढायचं नाही. एका बाळाच्या वेळी हे ठीक आहे. बाळ झालं की बाप बर्डीवर जाऊन तासाभरात सगळं आणतो. पण दोघांना मिळून दिवसाला वीस-बावीस लंगोट लागतात, आणि त्यातून बाळं काचेच्या पेटीत असतील तर बाप बाजारात जाणार कधी? मी खाणीचा माणूस, रविवारीसुद्धा छताला टेकू द्यायच्या लाकडाचा साठा मोजणारा. दोन दिवस आम्ही बोललो नाही. मग तिनेच तोडगा काढला. नवं आणायचं नाही, पण जुनं चालतं. जुन्याला काही होत नाही. तिने ट्रंकेतून माझ्या आईची सुती नऊवारी लुगडी काढली, धुऊन-धुऊन सायीसारखी मऊ झालेली. विरलेला भाग बाजूला टाकून एका लुगड्यात अठ्ठावीस लंगोट निघाले. तीन लुगडी फाडली. फाडताना आवाज येऊ नये म्हणून ती कात्रीने कापत होती. आईचं शेवटचं, वांगी रंगाचं, तिने परत घडी करून ठेवलं. त्याची दुपटी करू म्हणाली, पण नंतर.

दुसरं भांडण शेगडीचं. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी, बाळाला ओव्याची आणि धुपाची धुरी, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. ही म्हणाली, "तुमच्या ओळखीनं चांगला कोळसा आणून ठेवा." आयुष्यभर कोळसा काढला, पण माझ्या घरात, बंद खोलीत, दोन अडीच-अडीच पौंडांच्या... बरं, वजन आत्ताच बोलत नाही. दोन तान्ह्यांजवळ तो पेटणार नाही, असं मी सांगून टाकलं. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. जुन्या काळी तो ओळखायला खाणीत पिंजऱ्यातला पक्षी नेत. पक्षी पडला की माणसं पळत. मी हिला विचारलं, आपल्याकडे पक्षी कोण होणार? ती उठून गेली. मालीशवाली बाई ("दोन लेकरं म्हंजे दीडपट घेईन, दुप्पट नाही") मध्ये पडली आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी चालेल, यावर मिटलं.

खोलीचा प्रश्न त्याहून नाजूक होता. बाहेर पंचेचाळीस, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात लहान बाळाला भीती थंडीची. खोली सव्वीस ते अठ्ठावीस अंश हवी, वारा अंगावर नको. म्हणजे कूलर समोर नको, आणि कूलर नसेल तर नागपुरात मे महिन्यात माणूस राहणार कसा? खाणीत आम्ही खुळखुळ्यासारखा फिरवायचा हायग्रोमीटर वापरायचो, एक थर्मामीटर कोरडा, एक ओल्या फडक्याचा. खालची हवा माणसाला काम करण्याजोगी आहे की नाही ते त्यावरून कळायचं. तो काही मला घरी आणता आला नाही. दीडशे रुपयांचं डिजिटल यंत्र आणलं आणि आठ दिवस चारही खोल्यांचं तापमान तीन-तीन तासांनी लिहिलं. पश्चिमेच्या बेडरूमची भिंत रात्री अकरालाही गरम, आत छत्तीस. मधली छोटी खोली सर्वांत बरी. हॉलमधल्या कूलरची वाळ्याची ताटी भिजलेली असली आणि दारावर जाड पडदा असला की तिथे एकोणतीस-तीस राहतं, उरलेलं एसी सत्तावीसवर ठेवून जमतं. अडचण एवढीच की त्या खोलीत देवघर होतं. देव हॉलमध्ये आले. ही म्हणाली, "लेकरांसाठी सरकले ते, तुमच्या यंत्रासाठी नाही."

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नवजात अतिदक्षता विभाग दाखवला. जुळ्यांच्या घरच्यांनी तो आधीच पाहून ठेवावा, म्हणजे वेळेवर पाय थरथरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. माझे तरी थरथरले. काचेपलीकडे एक बाळ होतं, त्याची मांडी माझ्या अंगठ्याएवढी. तिथल्या सिस्टरने मला कांगारू पद्धत शिकवली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून मोठ्या माणसाच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून कापड बांधायचं. १९७८ मध्ये कोलंबियात, बोगोटा शहरात पेट्या कमी पडायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी हे सुरू केलं. आईच पाहिजे असं नाही, बाप चालतो, आजी चालते. "आणि आजोबा?" मी विचारलं. सिस्टर म्हणाली, "आंघोळ करून आले तर चालते जी." आणि माझ्या सदऱ्यावरच कापडी बाहुली ठेवून तिने दुपट्टा करकचून बांधला. बाहुलीत वाळू भरलेली होती, दोन किलो. इतक्या वर्षांत मी काय काय उचललं, पण त्या दोन किलोंसाठी श्वास धरून उभा राहिलो. सिस्टर म्हणाली, "काका, श्वास घ्या. बाळाला तोच ऐकू येते."

घरी येऊन मी ड्युटी चार्ट केला. मला दुसरं काही येत नाही. सकाळी आठ ते चार, चार ते बारा, रात्री बारा ते आठ. विहीणबाई आणि ही दिवसाच्या, काटोलची माझी बहीण दुसऱ्या शिफ्टला, मी आणि जावईबापू रात्रीचे. खाणीचाच नियम लिहिला, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. सोबत रजिस्टर, त्यात रकाने: वेळ, कोणतं बाळ, दूध किती मिनिटं, शी, शू, सही. दोघं अगदी सारखी दिसणार, म्हणून एकाच्या उजव्या पायाला काळा दोरा आणि दुसऱ्याच्या डाव्या. रजिस्टरमध्ये मी "नं. १" आणि "नं. २" लिहिलं तर हिने खोडलं. आकडे काय देता लेकरांना, म्हणाली. सोनोग्राफीत जे खाली दिसतं ते हिच्यासाठी "मोठं", वरचं "धाकटं". जन्माआधीच मोठ्याला समजूतदार ठरवून झालंय.

चार्ट भिंतीवर लावला. लेक दोन्ही हातांनी कंबर धरून समोर उभी राहिली, बराच वेळ वाचत होती. मला वाटलं कौतुक करेल.

"बाबा, माझी ड्युटी कोणती?"

तिचं नाव कुठेच नव्हतं. नव्हतं म्हणजे, ती असणारच हे मी धरूनच चाललो होतो. एक बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा पितं. कमीत कमी आठ धरले तरी दोघांचे सोळा, एकाला अर्धा तास, म्हणजे नुसते पाजण्याचे आठ तास. एक पूर्ण शिफ्ट, पण तुकड्या-तुकड्यांनी चोवीस तासांवर पसरलेली. खाणीत असा चार्ट मी कोणापुढे ठेवला असता तर युनियनने माझ्या घरावर मोर्चा आणला असता. मी पेन्सिल घेतली. दोघांना एकदम पाजता येतं, दोन्ही बगलांखाली एकेक धरून, ते सिस्टर शिकवणार आहे. ते जमलं तर वेळ निम्मा. आणि रात्री दहा ते दोन तिची सुट्टी. त्या चार तासांत तिने आधी काढून ठेवलेलं दूध आम्ही बोंडल्याने पाजायचं. ही आतून लेकीचंच चांदीचं बोंडलं घेऊन आली, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. हे जुनंच ना, मग चालतं. आधी पाण्यात उकळायचं, एवढी अट मी घातली.

लाल पेन्सिलीने "१० ते २, सुट्टी" लिहिलं आणि त्याखाली तिचं नाव. ती म्हणाली, "बघू." या "बघू"चा मला पूर्ण अर्थ कळला नाही, पण त्यात विश्वास फारसा नव्हता.

काल रात्री दोनला जाग आली तर हॉलमध्ये दिवा लागलेला. लेक खुर्चीत बसलेली, पाय दुसऱ्या खुर्चीवर, घोटे सुजलेले. झोप येत नाही म्हणाली. डाव्या कुशीवर झोपलं की धाकटं लाथा मारतं, उजव्या कुशीवर मोठं. मी रजिस्टर उघडून पहिल्या पानावर लिहिलं, "२:१०. दोघंही हलले." सहीच्या रकान्यात तिने सही केली.

पंधरा-पंधरा किलो करून गहू आता दोन्ही झोळ्यांत भरून ठेवलेत, हुकांवर भार सारखा राहावा म्हणून. तिने बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने एक झोळी ढकलली. मग दुसरी. दोन्ही हुक करकरले, पण एका सुरात, म्हणजे ठीक आहेत.

आतून आवाज आला, "कोण हलवून राहिलं?"

"गहू आहे आई," लेक म्हणाली, आणि परत ढकलली.